तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

ऑफिसात डबे उघडले की प्रश्नही उघडायचे. हिंजवडीत तेव्हा निम्म्या इमारतींना अजून काचा बसायच्या होत्या आणि आमच्या टीममध्ये मुसलमान मी एकटीच होते. त्यामुळे बुरखा, तलाक, चार बायका या सगळ्याचं चौकशी कार्यालय माझ्या खुर्चीत. आमची टीम लीड सदाशिव पेठेतली. "विचारलं तर राग नाही ना येणार?" असं म्हणून ती नेमकं राग येईल असंच विचारायची. एकदा मला मटकीची उसळ वाढता वाढता म्हणाली, "तू बुरखा घालत नाहीस, तर घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. डबा परत आणायला विसरू नकोस म्हणतात."

उत्तरं देण्याचा धंदा आमच्या घरचाच. माझे अब्बा स्वारगेटच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. "सोलापूरची गाडी गेली का हो?" "गेली असती तर तुम्हाला इथून दिसली असती का?" असं त्यांचं चालायचं. तोच तिरकसपणा माझ्यात उतरला. पण अब्बा गाडीची वेळ कधी चुकीची सांगत नसत. मी मात्र सोयीची तेवढीच सांगायचे.

म्हणजे मी अभिमानाने सांगायचे, की मुलीला बापाच्या मालमत्तेत हक्क आमच्यात शतकांपूर्वीच मिळाला. भावाला माझ्या दुप्पट मिळतं, हे गाळायचे. ते मलाही खुपायचं, पण डबा खाताना कबूल केलं असतं तर "बघा, हीसुद्धा म्हणते" असं झालं असतं. उलट मोहल्ल्यात काही बोलले असते तर "ऑफिसवाल्यांनी हिचं डोकं फिरवलं" असं. दोन्हीकडून तोंड बांधलेलं. तरी खरं सांगते, अर्धं सांगून मान हलवताना मला स्वतःची लाज वाटायची.

माझं हुकमी उत्तर वेगळंच होतं. "आमच्यात मुलीच्या होकाराशिवाय निकाह होतच नाही," मी म्हणायचे. "मुलगी आतल्या खोलीत असते. तिच्या बाजूचा एक वडीलधारा तिचा वकील होतो, दोन साक्षीदार घेऊन आत येतो आणि विचारतो. ती काय म्हणाली ते त्यानेच बाहेर जाऊन काझींना सांगायचं. माझ्या वडिलांनी मला तीनदा विचारलं. मी नाही म्हणाले. निकाह झाला नाही."

टेबलावरून लगेच "ग्रेट फादर!" मी पोळी मोडायचे. पुढचं कोणी विचारायचं नाही आणि मीही सांगायचे नाही.

पुढचं असं. स्थळ चांगलं होतं. नोकरी चालू ठेवायची हे दोन्ही घरांत ठरलेलं. निकाहाच्या थोडं आधी माझी ओढणी टाचता टाचता मुलाची बहीण सहज बोलून गेली, "भाभी, आता ती लांबची नोकरी बास हं. अम्मींनी कधीच ठरवलंय." मुलाला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "त्यानेच तर सांगितलं, आधी बोलू नका म्हणून."

तेवढ्यात अब्बा आत आले, मागे माझे मामा आणि एक शेजारी. अब्बांनी मुलाचं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, नवऱ्याने द्यायच्या मेहेरची रक्कम सांगितली आणि विचारलं, "इजाजत आहे का, बेटा?" खोलीत बायका दाटीने बसलेल्या. मी काहीतरी पुटपुटले. कोणीतरी पटकन म्हणालं, "झालं, लाजतेय पोरगी." अब्बांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मी मान वर करून स्पष्ट म्हणाले, "नाही, अब्बा."

ते बाहेर गेले. बाहेर बिर्याणीची भांडी दमावर होती आणि काझी मान वर करून थांबलेले. अब्बा हात जोडून दारात उभे राहिले, असं मामांनी नंतर सांगितलं. वरातवाले काय काय बोलले ते मात्र कोणीच सांगितलं नाही. धाकट्या बहिणीचं जमत आलेलं स्थळ महिनाभरात फिरलं. अब्बा बिबवेवाडीतल्या आमच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला जायचे बंद झाले. दोन बस बदलून लांबच्या, जिथे कोणी ओळखत नाही अशा मशिदीत जायला लागले. मला मात्र सोमवारी कंपनीची बस मिळाली.

पुढे बहिणीचं लग्न झालं, माझंही झालं, नोकरीसकट. पण सुट्टीच्या एखाद्या शुक्रवारी माहेरी असले आणि अब्बा टोपी खिशात घालून बसस्टॉपकडे निघाले, की मी ताट बाजूला सारायचे. माझ्या हक्काचं भाडं दर शुक्रवारी ते भरत होते.

ते निवृत्त झाल्यावर एका रविवारी दुपारी मी कर्वेनगरहून माहेरी गेले. अब्बा मटार सोलत होते. मीही बसले. मनावरचं ओझं थोडं उतरवावं म्हणून सांगितलं, "अब्बा, ऑफिसात सगळे तुम्हाला ग्रेट म्हणतात. तुम्ही मला तीनदा विचारलंत म्हणून."

त्यांचा हात थांबला.

"तू पहिल्यांदाच नाही म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मला ऐकू आलं होतं."

"आणि दुसऱ्यांदा?" मी विचारलं.

"दुसऱ्यांदाही आलं. वाटलं, बायका बसल्यात, मामा उभा आहे, पोरगी घाबरून हो म्हणेल. म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. तुझ्यासाठी नव्हतं ते, बेटा."

इतकी वर्षं मी ज्या तीन प्रश्नांच्या जिवावर टेबल जिंकत होते, ते हे होते. मला रागच यायला हवा होता. पण समोर ते रिकामी टरफलंच पुन्हा पुन्हा सोलून बघत होते, आणि माझ्यासारखाच हा माणूसही इतकी वर्षं अपराधी होऊन बसला होता, हे बघून मला रडू फुटलं.

"पण बाहेर जाऊन तुम्ही 'नाही' असंच सांगितलंत ना?" मी म्हणाले.

"सांगितलं," अब्बा म्हणाले. "पण दारापर्यंत पोचेस्तोवर ठरलं नव्हतं काय सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "तुमच्यात खरंच मुलीला विचारतात?"

टीम लीड माझ्या वतीने उत्साहाने सांगू लागली, "अगं, हिच्या वडिलांनी तर..."

मी तिला थांबवलं. "विचारतात," मी म्हणाले. "पण तिचं उत्तर बाहेर दुसऱ्यालाच न्यावं लागतं, आणि वाटेत ते बदलूही शकतं. माझं नशीब, की खोलीपासून दार फार लांब नव्हतं."