साडूचं पार्सल

ठाण्याच्या मॉलमधून डोंबिवलीला परतताना मी साडूचं पार्सल खाल्लं. साडूने सहा महिन्यांत पोट उतरवलेलं आणि माझी बायको माझ्यादेखत त्याचं कौतुक करत होती. त्याची युक्ती साधी होती. हॉटेलात पास्ता आला की आधी पार्सलचा डबा मागवायचा, अर्धा त्यात भरायचा आणि उरलेला सावकाश चावून खायचा. जळफळत मीही डबा मागवला. शीळफाट्याला त्याची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. मागच्या सीटवर दोन्ही डबे माझ्याच मांडीवर होते. माझा संपला, मग त्याचा संयम तसाच भरलेला बघवेना. घरी रिकामे डबे उघडून मेहुणी शांतपणे म्हणाली, "भावोजी, यांचं पोट गेलं कुठे ते आज कळलं. तुमच्याकडे आलंय."