गोलकीपर कप्तान

फिरदोस मणेरला बांगडीचं माप कधी घ्यावं लागलं नाही. कोरेगावच्या पेठेतल्या तिच्या दुकानाची पायरी बाई चढायला लागली की तिला कळायचं, ही दोन-चार, ही दोन-सहा, आणि ही तोंडानं दोन-सहा सांगेल पण बाळंतपणानंतर हात भरलाय, हिला दोन-आठच लागणार. बाई टेकायच्या आत डझन खाली आलेलं असायचं. मग एका हातानं पंजा दाबायचा, अंगठा आत दुमडायचा, दुसऱ्या हातानं बांगडी सरकवायची, आणि तोंडानं बाईला बोलतं ठेवायचं. सून आली का माहेराहून, म्हैस व्याली का. बाईचं लक्ष हाताकडे गेलं की हात ताठतो, आणि भरणारीचं गेलं की बांगडी पिचते. म्हणून दोघींनी लक्ष दुसरीकडे ठेवायचं, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं.

तीच फिरदोस फुटबॉलचा संघ निवडायला बसली की मात्र पार घोळ घालायची. काउंटरमागून तिचा नवरा दस्तगीर म्हणायचा, "अगं, संघ निवडतीयास का सोयरीक जमवतीयास?"

तो मोबाईलवरचा फुकटचा खेळ होता. इंग्लंडातल्या खऱ्या खेळाडूंमधून आपले पंधरा निवडायचे, त्यातले अकरा खेळवायचे, चार राखीव बसवायचे. त्या माणसानं तिकडे खऱ्या मैदानात गोल केला की इकडे आपल्याला गुण. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. त्या आठवड्याचा पहिला सामना सुरू व्हायच्या आधी मुदत संपते, मग संघाला हात लावता येत नाही.

फिरदोसचा मुलगा झिशान आता पुण्यात नोकरीला होता. पाच वर्षांपूर्वी सगळं जग घरात बसलेलं असताना त्यानं घरच्या मंडळींची एक स्पर्धा काढली आणि तिला आजोबांचं नाव दिलं, पीरमहंमद इलेव्हन. पीरमहंमद म्हणजे फिरदोसचे वडील. मिरजेत त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि तरुणपणी ते तिथल्या एका संघात गोलकीपर. लग्न झालं, दोन मुलं झाली तरी रविवारी सायकलच्या दांडीवर फिरदोसला आणि मागं कॅरिअरवर धाकट्या शोएबला बसवून ते मैदानावर जायचे. "कप्तान गोलकीपरच पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "सगळं मैदान त्याला एकट्याला दिसतंय. बाकीचे नुसते चेंडूमागं पळत्यात." मोबाईलच्या खेळातही ते दर आठवड्याला गोलकीपरलाच कप्तान करायचे. गोलकीपरला गुण मिळून मिळून किती मिळणार? दर आठवड्याला अब्बा शेवटचे. "हसा रं, हसा," म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्याला परत तेच.

पुढच्या वर्षी ते गेले, तेही फिरदोसच्या घरी.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला जायचं म्हणून ते कोरेगावला लेकीकडे आले होते. ऑपरेशन झालं, चार दिवसही झाले. पाचव्या दिवशी सकाळी अकराला छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाले. डॉक्टर घरी आले, इंजेक्शन दिलं, घाबरायचं कारण नाही, संध्याकाळपर्यंत बघू, म्हणाले. फिरदोसनं शोएबला फोन लावायला मोबाईल हातात घेतला आणि विचार करायला लागली. आता फोन केला तर तो घाबरून गाडी हाणत येईल, मध्ये कुठं काही झालं तर. शिवाय लग्नसराई, अब्बांचं मिरजेचं दुकान आता तोच सांभाळायचा, तिथं उभं राहायला जागा नसेल. आणि संध्याकाळी अब्बा उठून चहा मागायला लागले तर तोच म्हणेल, आपा, उगाच बोलावलंस. साडेतीनला तिनं ठरवलं की चारला डॉक्टर परत येतील, ते काय म्हणतात ते ऐकून फोन करू. डॉक्टरांना यायला उशीर झाला. साडेचारला अब्बा गेले.

मय्यत मिरजेला नेली. दारात शोएब उभा होता. तो रडला नाही, ओरडलाही नाही. सगळं उरकल्यावर तिच्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "साडेपाच तास होते, आपा. तीन तासांत पोचतोय मी."

त्यानंतर चार वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता.

बोलला नव्हता, पण स्पर्धा सोडली नव्हती. दर आठवड्याला त्याचा संघ लागायचा. दुसऱ्याचा संघ मुदत संपल्यावरच दिसतो. मुदत संपली की फिरदोस पहिल्यांदा शोएबचा संघ उघडायची. कुणाला कप्तान केलंय, कुणाला काढलंय. माणसं पत्र वाचतात तसं ती ते वाचायची. दोन आठवडे संघ न बदललेला दिसला की तिला वाटायचं, आजारी तर नाही? मग झिशानला फोन. "मामाकडं सगळं बरं हाय न्हवं?" झिशान वैतागायचा. "अम्मी, मामालाच विचार की."

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तिच्या संघात एक डावखुरा होता, सगळ्यात भरवशाचा. त्याची मांडी दुखतेय अशी कुठंतरी बातमी आली. तिनं ती वाचली, मग दुसरी वाचली, मग तिकडच्या गावात पाऊस पडणार का तेही पाहिलं. त्याला काढून परत घेतलं, कप्तान केलं, परत काढलं, आणि शेवटी मुदतीला पाच मिनिटं असताना राखीव बसवलं. त्यानं तीन गोल मारले. सतरा गुण, आणि ते सगळे राखीव बाकावर. शोएबनं त्यालाच कप्तान केला होता. सतरा दुणे चौतीस.

"आमी कवा पावसाचा अंदाज बघून बांगड्या भरल्या न्हाईत," दस्तगीर म्हणाला.

ती हसली नाही. या खेळाची एक खोड तिला फार जाचायची. तुम्ही बसवून ठेवलेल्यानं किती गुण केले ते तो बरोबर आकड्यात दाखवतो. एरवी माणसाला हे कळत नाही. दुसरं घर घेतलं असतं तर, दुसरी वाट धरली असती तर, याचा आकडा कुणी सांगत नाही, म्हणून माणूस झोपू शकतो. तिच्या आयुष्यात असा आकडा एकच होता, साडेपाच.

आणि आता शोएबच्या मुलीचं, अर्फाचं लग्न होतं.

पत्रिका एका नातेवाइकाच्या हाती आली. वर दस्तगीरचं नाव अर्फाच्या अक्षरात. मग अर्फाचा फोन आला. "फुफी, रविवारी निकाह हाय. शनिवारी दुपारी नमाजनंतर चुडा. तुमीच भरायचा. अम्मीबी म्हणती, फुफीशिवाय कुणी भरायचा न्हाई."

"आणि तुझे अब्बा?"

"अब्बा काय म्हणत न्हाईत."

या 'काय म्हणत न्हाईत'वर फिरदोसनं पंधरा दिवस घालवले. नवरीचा चुडा बापाच्या बहिणीनं भरायचा, ही त्यांच्या घरची रीत. फिरदोसचाही तिच्या फुफीनं भरला होता. पण ती गेली आणि शोएबनं चार माणसांत पाठ फिरवली तर? पोरीच्या चुड्यात विघ्न नको. नाही गेली, तर तो म्हणेल, अब्बांच्या वेळी बोलावलं नाही आणि आता बोलावलं तर आली नाही. त्याच्या फोनची वाट बघावी, तर तोही हिच्या फोनची बघत असेल. तिनं हिरव्या बांगड्यांची पेटी भरली, सोडली, परत भरली. तेवढ्या काळात दस्तगीरनं दोनदा विचारलं, "गाडीचं बघू का?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "थांबा जरा."

शनिवार उजाडला. आदल्या रात्रीच मुदत संपली होती, आणि मिरजेच्या विचारात तिनं पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या संघाला हात लावला नव्हता. दुकान उघडल्यावर सवयीनं तिनं शोएबचा संघ मात्र उघडला.

त्यानं गोलकीपरला कप्तान केलं होतं.

ती स्टुलावर बसली. असं कुणी करत नाही. शोएब तर मुळीच नाही, तो दर आठवड्याला गोल मारणाराच निवडायचा. अंगठा चुकून पडला असेल. लग्नघर आहे, कुणी पोरानं मोबाईल घेतला असेल. का अब्बांची आठवण आली म्हणून? का तिनं बघावं म्हणून? ती संघ बघते हे त्याला ठाऊक तरी आहे का? आणि तिच्यासाठीच असेल तर त्याचा अर्थ ये असा, का तुझ्यामुळं अब्बांची शेवटची भेट चुकली असा?

"भरतीयास का जाऊ दुसरीकडं?"

समोर बनाबाई बसली होती. ती जवळच्या त्रिपुटी गावची, दर सणाला यायची, हात कायम पुढं केलेला. फिरदोसनं तिचा पंजा धरला. एक गेली, दोन गेल्या, पाच गेल्या. बनाबाई सुनेचं सांगत होती. सहावीला फिरदोसच्या डोक्यात परत तो गोलकीपर उभा राहिला, आणि कट्ट झालं. बनाबाईच्या अंगठ्याखाली रक्ताचा ठिपका आला.

"आगं आई! पिचली?" बनाबाईनं हात ओढून घेतला, मग जीभ चावली. "वाढवली म्हनावं. पर फिरदोस, वीस वरसं तुझ्याकडनं भरतीया मी. आज हात हितं आन् ध्यान कुठं?"

"माहेरात." तिच्या तोंडून निघून गेलं. "भाचीचा चुडा हाय आज मिरजेला. दुपारी."

"मग हितं काय करतीयास?"

"भाऊ बोलत न्हाई."

"चुडा भावाला भरायचाय व्हय?" बनाबाईनं जखम पदरानं दाबली. "ऊठ. गाडी कितीला हाय?"

गाडी दहा पन्नासला होती. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. फिरदोस उठली, पेटी उचलली, चप्पल पायात सरकवली. अंगावर रोजची साडी होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "आवं, बनाबाईचा हात राहिलाय," ती दस्तगीरला म्हणाली, "आणि रक्ताला हळद लावा."

"म्हंजी आता मालकाकडनं भरून घ्यायचं?" बनाबाई.

"हात हालवू नगा," दस्तगीर म्हणाला, "माझं ध्यान जाग्याव हाय." मग फिरदोसकडं वळून, "मी सांजच्या गाडीनं येतो. जा तू."

मिरजेत शोएबच्या दारात मांडववाला खुर्च्या उतरवत होता आणि शोएब त्या मोजत होता. दाढी पांढरी झाली होती. तिला बघून तो मोजायचं विसरला.

"गाडी वेळेत होती?" त्यानं विचारलं.

"व्हय."

त्यानं तिच्या हातातली पेटी घेतली. झाकण उघडून एक बांगडी बोटांवर तोलली. "दोन-चार आणल्यास?"

"मग?"

"वाळलीय ती. दोन-दोन लागतीय."

फिरदोसनं आत पाहिलं. अर्फा हात धुऊन पाटावर बसली होती. दारातूनच कळत होतं, दोन-दोन. चार वर्षांपूर्वीचा हात डोक्यात धरून पंधरा दिवस तिनं पेटी भरली होती, सोडली होती.

शोएब पेटी घेऊन घराला लागून असलेल्या दुकानात गेला. शिडी सरकल्याचा आवाज आला. अब्बा नवरीच्या हिरव्या बांगड्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे, त्याच फळीवरून त्यानं काढल्या असणार. परत येऊन अर्फासमोर बसलेल्या फिरदोसच्या पुढ्यात ठेवल्या आणि दाराला टेकून उभा राहिला.

तिनं अर्फाचा पंजा धरला. हात ताठ होता. पोर बापाकडं आणि फुफीकडं आळीपाळीनं बघत होती. तिला बोलतं ठेवायला हवं होतं, पण फिरदोसला दुसरंच बोलायचं होतं, आणि ते तिनं मान वर न करता बोलून टाकलं.

"शोएब, त्या दिवशी अकरालाच फोन करायला पायजे होता मी."

तिच्या बोटांत बांगडी अर्ध्यावर होती.

"भर आदी," शोएब म्हणाला. "पिचंल."

बांगडी गेली. मग दुसरी, तिसरी. शोएबची बायको सगळ्यांसाठी चहा घेऊन आली, तिनं फिरदोसच्या पाठीवर हात ठेवला आणि परत गेली. अर्फाचा हात सैल पडला. डावा हात भरून झाला.

"गोलकीपरला कुणी केलं कप्तान?" फिरदोसनं उजवा हात हातात घेत विचारलं.

"मी."

"अंगठा न्हाई ना चुकला?"

"चुकतोय कसा?" मग तो म्हणाला, "तू बघतीयास का न्हाई, म्हटलं बघावं."

"किती मिळालं?"

"सामना सहाला हाय अजून," शोएब म्हणाला. "थांबणार न्हवं तवर?"

"थांबती की," ती म्हणाली, आणि पुढची बांगडी उचलली.