हॉलिसची उजवी बाजू

आमच्या गावात माणसाला मिठी मारायची ती त्याच्या डावीकडून. हे कुणी कुणाला शिकवत नाही. रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबुवांपासून पियानो वाजवणाऱ्या मिस डेल्मापर्यंत सगळे एकमेकांना असेच भेटतात. समोरच्याच्या डाव्या खांद्याशी झुकायचं, हात त्याच्या पाठीवर बराच वर ठेवायचा आणि उजव्या कमरेच्या वाटेला जायचं नाही. बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या सुना पहिली काही वर्षं चुकतात. त्यांच्या हाताला शर्टाखाली काहीतरी कठीण लागतं, त्या दचकून माफी मागतात, समोरचा म्हणतो, "असू दे, पोरी," आणि मग त्यांनाही वळण लागतं. पिस्तुलाबद्दल इतर ठिकाणी लोक भांडतात असं ऐकते. आमच्याकडे त्याचं शिष्टाचारात रूपांतर झालेलं आहे.

हॉलिस टिडवेल माझ्या समोरच्या घरात राहतो आणि गुरांच्या खाद्याचं दुकान चालवतो. मी गावच्या वाचनालयात कामाला होते तेव्हा तो दर महिन्याला येऊन इतिहासाची जाडजूड पुस्तकं न्यायचा. सगळी युद्धांचीच, पण परत करताना बोलायचा ते सैन्याच्या बुटांबद्दल. "त्या बिचाऱ्यांचे पाय बघ," म्हणायचा. "इतक्या मोठ्या सेनापतीला साधा टाचेचा खिळा कळू नये?"

तेव्हाच मला समजायला हवं होतं की या माणसाच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न आराम हा आहे.

पिस्तूल बाळगणं सोपं. ते दिवसभर कुणाला न दिसता, न टोचता बाळगणं हे हॉलिसनं उभ्या हयातीचं काम मानलं होतं. ते त्याच्या उजव्या कमरेला, जरा मागच्या बाजूला, घड्याळात चार वाजतात त्या जागी असे, पँटच्या आतल्या बाजूनं. त्यासाठी पँट दोन इंच ढगळ आणि पट्टा घोड्याला घालावा इतका ताठ. आत बनियन, कारण उघड्या कातडीला लोखंड उन्हाळ्यात चिकटतं. वर चौकड्यांचा शर्ट, बाहेर सोडलेला, कारण साध्या कापडावर उंचवटा दिसतो आणि चौकड्यांत हरवतो. होल्स्टरच्या तळाशी, म्हणजे ज्या खोळीत ते बसतं तिच्या तळाशी, त्यानं बायकोच्या जुन्या चपलेतला स्पंजाचा तुकडा कापून चिकटवला होता. त्यानं पिस्तुलाची मूठ अंगाशी झुकते आणि हाड दुखत नाही. हा शोध तो चर्चमध्ये शेजारी बसलेल्या कुणालाही सांगत असे. झाकून ठेवायची वस्तू, पण तिच्याबद्दल बोलताना तो काही झाकत नसे.

या स्पंजाच्या आधी जे जे फसलं ते सगळं कपाटात एका पेटीत होतं: चामड्याची, प्लॅस्टिकची, काखेत बांधायची, पोटाला गुंडाळायची होल्स्टरं. अशी पेटी आमच्याकडे घराघरांत असते. त्यातलं वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

"मी बुटांचे तीन जोड घेतले तर हा तोंड वाकडं करतो," त्याची बायको अर्लीन म्हणायची, "आणि याच्या एका पिस्तुलाला नेसवायला एवढे कपडे!"

हे खूळ कुठून आलं तेही सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अर्लीन हायवेवरच्या पेट्रोलपंपावर गल्ल्यावर बसायची. एका दुपारी एक माणूस आत आला, बंदूक दाखवली आणि गल्ला घेऊन गेला. अर्लीनला खरचटलंही नाही. ती म्हणते, तो माझ्यापेक्षा जास्त कापत होता, जाताना दार माझ्यासाठी हळू लावून गेला. पण हॉलिस त्या वेळी रस्त्यापलीकडे आपल्या ट्रकमध्ये बसून हॅमचं सँडविच खात होता. त्या सँडविचबद्दल त्यानं स्वतःला अजून माफ केलेलं नाही. तेव्हापासून त्यानं हॅम तोंडाला लावलं नाही आणि पिस्तुलाशिवाय उंबरा ओलांडला नाही. इतक्या वर्षांत ते त्याला कुणावर काढावं लागलं नाही. तो मात्र दिवसातून कितीदा तरी उजवं कोपर कमरेवर हलकेच दाबून ते आहे ना, बघायचा. बाई चालता चालता पदर सारखा करते तसं. त्याचं त्यालाही कळत नसे.

या ऑक्टोबरात त्याची मुलगी मार्सी पहिलं बाळ घेऊन माहेरी येणार होती. मार्सी शहरातल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. तिचा फोन आला तेव्हा मी अर्लीनच्या स्वयंपाकघरात अक्रोड फोडत होते आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता.

"बाबा, एक सांगायचंय. हॅटीला मांडीवर घ्याल तेव्हा ते अंगावर नको."

"ते म्हणजे काय?"

"बाबा."

"अगं, कुणाला दिसतं तरी का?"

"हॉलिस," अर्लीन म्हणाली, "सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तुला कमरेत वाकता येत नाही म्हणून तू बुटाची नाडी एका गुडघ्यावर बसून बांधतोस. मागच्या आठवड्यात बँकेसमोर बसलास तर त्या विधवा ग्लॅडिसला वाटलं, तिलाच मागणी घालतोयस."

"ती हो म्हणाली का?"

"विचार करते म्हणाली."

फोनमध्ये मार्सी हसली, पण हसून झाल्यावर म्हणाली, "मी चेष्टा करत नाहीये, बाबा." फोन ठेवल्यावर हॉलिस बराच वेळ एक अक्रोड हातात फिरवत बसला. त्या नातीची त्याला किती ओढ होती हे मला माहीत होतं. त्यानं दुकानातल्या वजनकाट्यावर तिच्याच वजनाची, अकरा पौंडांची पिशवी भरून ती कडेवर घेऊन पाहिली होती, गिऱ्हाइकांच्या देखत.

पण मुलीच्या बोलण्याचा त्यानं अर्थ लावला तो तांत्रिक. कमरेची वस्तू बाळाला टोचेल, तर कमरेवर नको. एवढंच ना? शुक्रवारी दुपारी मार्सी आली तेव्हा मीही अर्लीनकडेच होते आणि हॉलिस नवी ढगळ जीन्स घालून सोफ्यावर बसला होता. दोन्ही पावलं जमिनीला खिळल्यासारखी. शर्ट चक्क आत खोचलेला. आपली कंबर मोकळी आहे हे तो सगळ्यांना वळून वळून दाखवत होता.

हॅटी शालीत होती. नाक हॉलिसचं, रागही हॉलिसचा. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

मार्सीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबा, पायावर पाय टाका बघू."

हॉलिस हलला नाही.

"घोट्याला बांधलंय ना?"

"छोटंसं आहे," तो म्हणाला. "तिच्यापासून केवढं लांब आहे बघ तरी."

मार्सीनं बाळ परत खांद्यावर घेतलं. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी निघायला उठले. पण ती त्याच्या शेजारी बसली, डाव्या बाजूला, आणि तिचा आवाज चढला नाही.

"मी तुम्हाला ते विकून टाका म्हणत नाही, बाबा. दुकानात घाला, ट्रकमध्ये घाला. पण मी लहानपणी चर्चमध्ये नेहमी तुमच्या कुठल्या बाजूला बसायचे, आठवतं? ताप आला की कुठल्या कडेवर घ्यायचात? मला तुमची ही एकच बाजू माहीत आहे. दुसऱ्या बाजूला गेले की तुम्ही मला उचलून इकडे ठेवायचात. हिला मला दोन्ही बाजू द्यायच्यात."

हॉलिस जमिनीकडे बघत म्हणाला, "आणि काही झालं तर? मी नुसता बसलेला असेन आणि काही झालं तर?"

"तर तिला घट्ट धरा आणि पळा. तुमच्या पोत्यांपेक्षा हलकी आहे."

तो उठून मागच्या अंगणात गेला. त्या दिवशी बाळ त्याच्या हातात आलं नाही.

शनिवारी सकाळी तो ट्रकपाशी उभा दिसला तेव्हा मला काहीतरी खटकलं. तो सरळ उभा होता. इतकी वर्षं हा माणूस किंचित उजवीकडे कललेला असे, भिंतीवरच्या जुन्या तसबिरीसारखा. मी रस्ता ओलांडून गेले.

"घरी ठेवलंस?"

"पोलादी पेटीत. कुलूप लावून." एका हातानं त्यानं पँट वर ओढली. वजन गेल्यावर ती ढगळ पँट जागेवर राहीना. "आधी दिवसभर तसाच राहून बघतो. जमलं तर तिला घेईन. तिला हातात घेऊन घाबरायला नको ना. पोरांना ते कळतं म्हणे."

"घाबरलायस?"

"चड्डी न घालता चर्चला निघाल्यासारखं वाटतंय," हॉलिस म्हणाला आणि दुकानाकडे गेला.

त्यानंतर जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता. आमच्या गावाचं आपल्या माणसांवर लक्ष असतं इतकंच. दुकान उघडताना किल्ली खाली पडली आणि हॉलिस ती उचलायला कमरेत वाकला. समोरून ग्लॅडिसनं ते पाहिलं. मग तो सरळ चालत बँकेत गेला, दर चार पावलांना पँट धरून. ग्लॅडिसनं मिस डेल्माला फोन केला: हॉलिस एकाएकी वाळलाय, कपडे अंगावर राहत नाहीत, चालही बदललीय, आणि मार्सी, परिचारिका आहे ना ती, उगाच नाही आलेली. मिस डेल्मानं पुढे फोन केले. दुपारी तरुण शेरीफसाहेब खाद्य घ्यायच्या निमित्तानं येऊन गेले. त्यांच्याकडे जनावर म्हणाल तर एक मांजर. "हॉलिसकाका, काही लागलं तर कधीही सांगा," असं म्हणून त्यांनी कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं स्वतः उचलून नेलं.

चार वाजेपर्यंत अर्लीनच्या टेबलावर भांडी यायला लागली, ती लावायला मी तिकडे गेले. चीज घालून भाजलेले बटाटे, चिकन आणि नूडल्स, पुन्हा चिकन आणि नूडल्स, पीच भरलेली गोड पेस्ट्री. प्रत्येक भांड्यावर चंदेरी कागद, आणि खाली पट्टी चिकटवून मालकिणीचं नाव, भांडं परत जावं म्हणून. आमच्याकडे माणूस किती आजारी आहे हे या भांड्यांवरून कळतं. हॉलिस घरी आला, त्यानं टेबल बघितलं आणि टोपी काढली.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," अर्लीन म्हणाली. "पण तुझी तयारी झालीय."

तेवढ्यात पाद्रीबुवाच आले. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला आले होते आणि खऱ्या काळजीनं आले होते. त्यांनी हॉलिसला डावीकडून मिठी मारली, खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"बुवा, मला काही झालेलं नाही. मी ते घरी ठेवलं, एवढंच."

"काय घरी ठेवलं?"

हॉलिसनं कोपर कमरेला लावून दाखवलं. बुवांनी त्याच्या कमरेकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा कमरेकडे. "अरे देवा," ते म्हणाले. "डेल्मानं उद्याच्या प्रार्थनेत तुझं नाव पहिलं घातलंय."

"राहू दे तसंच," हॉलिस म्हणाला. "आज गरज आहे मला त्याची."

मग आमच्या सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की बुवांनी त्याला कुठे बसवलं होतं. ती अर्लीनची झुलती खुर्ची होती, तिच्या आईची, दोन्ही बाजूंना लाकडी हात असलेली. हॉलिस तीत कधी बसत नसे, कारण उजवीकडचा हात बरोबर त्या जागी लागायचा. आता तो तीत मागे रेलून बसला होता, पाठ टेकवून, आणि खुर्ची थोडी हलत होती.

"मार्सी," तो म्हणाला, "संध्याकाळ झाली. मला वाटतं, जमलंय. तुला काय वाटतं?"

मार्सी बाळाला घेऊन उठली. ती उजव्या बाजूनं आली. त्याच्या उजव्या हाताच्या खोबणीत तिनं हॅटीला ठेवलं, डोकं कोपराशी आणि पाय पोटाशी. हॅटीनं आधी चेहरा वाकडा केला. हॉलिसनं खुर्ची थांबवली. मग तिनं जरा कूस बदलली आणि तिची पाठ त्याच्या कमरेच्या वर, नेमकी त्या मोकळ्या जागी टेकली.

खुर्ची झुलायला लागली. बुवांनी प्रार्थना म्हटली ती कुणासाठी हे नीटसं ठरलं नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मी मध्येच उघडले. हॉलिसचं कोपर, सवयीनं, हलकेच आत दाबलं गेलं. आहे ना, बघायला. ते शालीला लागलं, थबकलं आणि तिथेच राहिलं.

"आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

सोमवारी ते पुन्हा त्याच्या कमरेला होतं आणि दुकानात तो पुन्हा उजवीकडे कललेला होता. गावाला हायसं वाटलं. पण दुपारी घरी आल्यावर पेटीचं कुलूप वाजायचं, आणि मगच तो हॅटीला हाक मारायचा. मार्सी परत जायला निघाली तेव्हा मी माझ्या ओट्यावरून बघत होते. तिनं बाळ आईकडे दिलं आणि बापाकडे वळली. सवयीनं पावलं डावीकडे गेली, थांबली. मग ती उजवीकडून गेली आणि तिनं दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले. हॉलिसला हात कुठे ठेवावेत कळेना. नव्या सुनेसारखा तो गोंधळला.

"असू दे, बाबा," मार्सी म्हणाली.