पदरातली लाल खिडकी

महेशला खिडकी नव्हती. पदराचा पहिला धागा पडायच्या आधीपासून मला ते माहीत होतं. आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही.

मी साड्यांची डिझाइनं काढतो. खासबागेत एका खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. पडद्यावर बारीक चौकोनांचा ग्राफ असतो. एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा. कुठला धागा वर दिसायचा आणि कुठला खाली दडायचा, ते मी ठरवतो. मागावरचं जकार्ड, म्हणजे धागे उचलणारं यंत्र, तसं उचलतं. मोर, कोयऱ्या, कमळं, पुन्हा मोर. यातच केस पांढरे झाले.

त्या दिवशी निपाणीच्या आक्का आमच्या मालकांच्या, आप्पांच्या, वडगावच्या कारखान्यात आल्या होत्या. मुलगा महेश मोठ्या प्रवासी बोटीवर, क्रूझवर, लाँड्रीत कामाला. पुढच्या फेरीला ती बोट गोव्याला लागणार होती. आक्कांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"अण्णा, हे असलं पदरावर पायजे. नेसून बंदरावर जाणार. वरनं पोरगं ओळखंल मला."

आप्पा हसले. "आक्का, पदरावर मोर बसतोय. बोट बसली तर साडी बुडंल की!"

"बुडू दे. पोरगं हाय त्यात."

मी फोटो बघत राहिलो. इतकी पांढरी, की शेजारचा समुद्र मळका वाटावा. टोक निमुळतं, वर गॅलऱ्यांच्या रांगांवर रांगा, आणि सगळ्यांच्या वर, आभाळाला टेकल्यासारखा, पोहायचा तलाव. समुद्रावर तलाव! संध्याकाळच्या फोटोत सगळ्या खिडक्या पेटलेल्या. वाटलं, एखादं गाव दिवाळीच्या दिवशी जागचं उठून पाण्यावर चालायला लागलंय.

मग रोज दुपारी मी त्या बोटींचे व्हिडिओ बघायला लागलो. काचेच्या लिफ्ट, गोल जिने, डेकवर पांघरूण घेऊन पडलेली माणसं. गल्लीतल्या मागांची खटखट इंजिनासारखी वाटायची. खोली हळूच एका अंगाला कलतेय असा भास व्हायचा. मी कधी समुद्रात गुडघ्याच्या पुढं गेलेलो नाही.

महेशचा फोन आला, तो अशाच एका दुपारी.

"अण्णा, आई इचारती, तुझी खिडकी कुठली. आमास्नी खिडकी नसतीया. कामगारांच्या खोल्या पाण्याच्या खाली. मला तिला सांगवंना. डिझाइन दाखवताना तुम्हीच सहज सांगा. आनि खाली, पाण्याच्या जरा वर, सामान चढवायचं एक दार असतंय. ते काढा. गोव्यात लाँड्रीला सुट्टी न्हाय, सगळ्या चादरी बदलायच्या असत्यात. पर मी त्या दारात येऊन हुबा राहीन. तिला म्हणावं, तिथं बघ."

"काढतो," म्हणालो.

काढलंही. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळा चौकोन. नव्या भिंतीला भोक पडल्यासारखा. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"हे काय रं?"

"सामानाचं दार."

"ऱ्हाऊ दे की मग."

"नको. तिथं धागा सुटा राहतोय. अडकंल कशात तरी."

हे खोटं होतं. सलग रंग मोठा झाला की धागे सुटे पडतात, हे खरं आहे. त्यांना मधेमधे टाका देऊन बांधावं लागतं. वर खिडक्यांनी ते काम केलंच होतं. खाली दारानंही केलं असतं. पण मला ती बोट तशीच हवी होती, डाग नसलेली. मी दार पुसलं आणि तिथं न दिसणारे पांढरे टाके टाकले.

आक्का ग्राफ बघायला आल्या. "माझ्या महेशची खिडकी कुठली?"

तोंडाशी आलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, पडद्यावर वाकल्या. मी सगळ्यात वरच्या रांगेतली एक खिडकी लाल केली. "ही."

"इतक्या वर?" त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाल्या, त्यानंतर मला खाली उतरता आलं नाही.

साडी गर्द निळी उतरली. मागावरून पदर इंच इंच वर येताना मी तिथंच उभा होतो. आधी पाणी, मग पांढरं अंग, मग एकेक पिवळी खिडकी उजळत गेली. विणणारा माग थांबवून म्हणाला, "अण्णा, बसून जावं वाटतंय हिच्यात."

गोव्याला आक्कांनी मलाही नेलं. बंदराच्या आत सोडलं नाही. वरच्या रस्त्यावरून बोट दिसत होती, आणि खरी बोट माझ्या पदरापेक्षा कितीतरी देखणी होती. आक्का पदर दोन्ही हातांनी पसरून कठड्याशी उभ्या राहिल्या. नजरेनं वरची रांग मोजत होत्या.

मी खाली बघितलं. दार तिथंच होतं. काळा चौकोन, आणि त्यात एक माणूस पांढरी चादर हलवत होता. बराच वेळ. हात दुखल्यावर हात बदलून.

"आक्का..." म्हणालो.

"थांबा अण्णा! पडदा हलला! बघा, हात करतंय माझं लेकरू!"

वर कुणीतरी पर्यटक हात हलवत होता. आक्का रडत हसत होत्या. थोड्या वेळानं खालचं दार बंद झालं. सूर्य बुडाला, खिडक्या पेटल्या, आणि ते सगळं उजेडाचं गाव आवाज न करता समुद्रात निघून गेलं.

दोन दिवसांनी महेशचा फोन. "अण्णा, साडी दिसली मला. आई खाली बघितलीच न्हाय. तुम्ही सांगितलं नव्हतं व्हय?"

मी पडद्यावरचा ग्राफ बंद केला.

"ऱ्हाऊ दे. ती म्हनती, तुला खिडकीत बघितलं. मी व्हय म्हनलो."

आता बोटीच्या पदराला मागणी आहे. आप्पा खूश आहेत. नव्या ग्राफमध्ये मी दारही आठवणीनं काढतो. कुणी विचारलं तर सांगतो, खऱ्या बोटीला असतं. या धंद्यात चौकोन रिकामा ठेवला, तरी तो कुणीतरी ठेवलेला असतो, हे मी उशिरा शिकलो.

आक्का सणाला तीच साडी नेसतात. पाहुण्यांना लाल खिडकी दाखवतात. निपाणीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, त्याच पदरावर पाण्याच्या जरा वर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "आक्का, महेश इथं उभा होता." एवढं माझ्याकडून व्हायचं राहिलंय.