जेवलात का?

शहागंजातल्या हॉटेलात कुणी काळ्या चहात लिंबू पिळलं, की मला येमेनहून शिकायला आलेला एक विद्यार्थी आठवतो. परदेशी मुलांना इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी विद्यापीठात एकेक स्थानिक जोडीदार मिळे; त्याला मी मिळालो. संध्याकाळी आम्ही याच हॉटेलात बसायचो; तो तसाच चहा घ्यायचा. तोंडी परीक्षेत तो नापास झाला असता, तर प्रवेश रद्द होऊन त्याला परत जावं लागलं असतं. बोलायला सुरुवात कशी करायची, असं त्यानं विचारलं. आमच्याकडं भेटल्यावर आधी ‘जेवलात का’ विचारतात. तेच मी त्याला इंग्रजीत शिकवलं. परीक्षेच्या दुपारी मी दाराबाहेर उभा होतो. आत जाताच त्यानं वयस्क परीक्षकांना तोच प्रश्न विचारला. हे कुणी शिकवलं, असं विचारल्यावर त्यानं दाराकडं बोट केलं, तसं त्यांनी मला आत बोलावलं. “तूच शिकवलं व्हय रे हे? इंग्रजीत असं विचारतेत?” मी म्हणालो, “नाय सर. पण आपल्याकडं विचारतेत.”  मग परीक्षक त्याच्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, “नाही जेवलो अजून. तुझी आई काय करते जेवायला?” तो आईच्या हातच्या रोटीवर आणि मेथी घातलेल्या रश्श्यावर अडखळत, पण न थांबता बोलत राहिला आणि पास झाला. शिक्षण संपवून तो गावी गेला. पुढं तिकडं युद्ध पेटलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. आता वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याच्या देशातल्या उपासमारीच्या बातम्या माझ्या टेबलावर येतात. मी मथळा तपासतो आणि पान छपाईला सोडतो. तो जेवला का, हे विचारायची सोय बातमीत नसते.