डाव्या वळणाची शर्यत

अमेरिकेतल्या मोटारशर्यतींचं वाटोळं झालंय, हे आमच्या गावात सर्वांत आधी मास्तरांना कळलं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत श्रीरामपूरकडून केबलची तार गावात आली, तोच तो हिवाळा. मास्तर हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे आणि तरुणपणी महाशिवरात्रीच्या यात्रेत मोटरसायकल पळवायचे. इंग्रजी येतं म्हणजे अमेरिका आपल्या अखत्यारीत आली, असा त्यांचा समज होता. गडी मनमाडच्या पलीकडं कधी गेला नव्हता, पण अमेरिकेतल्या शर्यतींची त्यांना घरच्यासारखी काळजी लागून राहिली होती.

दर रविवारी सकाळी आम्ही फौजीच्या घरी जमायचो. फौजी म्हणजे लष्करात मोटरसायकलवरून टपाल पोचवून निवृत्त झालेला माझा दोस्त. आमच्या तिघांत रंगीत टीव्ही फक्त त्याच्याकडं होता. तिसरा मी. मी वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचो. आम्ही तिघंही यात्रेतल्या शर्यतीचे जुने गडी. टीव्हीवर अमेरिकेतल्या शर्यती परत दाखवायचे आणि आम्ही चहाबरोबर त्यांना नावं ठेवायचो.

"ही शर्यत हाय का दळन?" फौजी म्हणायचा. "गोल गोल, गोल गोल. घान्याचा बैल बी मधी इसावा घेतो."

"पूर्वी असं नव्हतं," मास्तर चष्मा पुसत म्हणायचे. "पूर्वी दुकानातून गाडी घ्यायची आणि तीच पळवायची. आता बघा, पुढचे दिवेसुद्धा खोटे. दिव्याचं चित्र चिकटवलंय!"

आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो. खरंच चित्र होतं. फौजीला ते फार लागलं.

"चित्राचा दिवा? मंग अंधारात घरला कसा जातो त्यो?"

"आणि ऐका," मास्तर म्हणाले, "आता ड्रायव्हरच्या कानात माणूस बोलतो. आता दाब, आता सोड, आता आत ये. स्वतःची अक्कल चालवायची सोयच नाही."

"म्हंजी लगीन झाल्यावानी," मी म्हणालो. फौजीची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तेवढ्यात चहाचे कप ठेवत होत्या. पुढच्या रविवारी मला बिनसाखरेचा चहा आला.

आता खरं सांगतो. आम्हाला अमेरिकेची काय पडली होती? आपल्या गावच्या शर्यतीबद्दल बोलायला नको, म्हणून आम्ही अमेरिकेबद्दल बोलायचो. आणि त्याचं कारण मी होतो. माझ्यासमोर तो विषय काढायचा नाही, असं त्या दोघांनी आपसात ठरवलंय हे मला माहीत होतं. माझी कीव करतात म्हणून मला त्यांचा राग यायचा, आणि तिथं न जाता राहवायचंही नाही.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी राहुरीच्या रस्त्यावर भल्या पहाटे मी दुधाच्या किटल्या घेऊन निघालो होतो. पुढं उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही. किटल्या रस्त्यावर, मी ट्रॉलीखाली. नगरच्या डॉक्टरांनी उजवा पाय वाचवला, पण गुडघा कायमचा आखडला. घोटा चालतो, गुडघा वाकत नाही. सरळ रस्त्यावर पाय पुढं ताणून मी गाडी चालवायचो, दुधाचा धंदाही चालू होता. गेली ती शर्यत.

आमची शर्यत महादेवाच्या देवळाभोवतीच्या मोकळ्या मैदानात, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. देव उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखी. म्हणजे सगळी वळणं उजवी. मातीत जोरात वळताना गाडी आत झुकते, तेव्हा आतल्या बाजूचा पाय काढून जमिनीवर घासत न्यावा लागतो, नाहीतर गाडी खालून निसटते. आतला पाय म्हणजे उजवा, आणि माझा उजवा पाय वेळेवर निघायचा नाही. अपघातानंतरच्या वर्षी हट्टानं उतरलो आणि पहिल्याच वळणाला आडवा झालो. त्यानंतर यात्रेच्या कमिटीनं माझ्या हातात झेंडा दिला. सुरुवातीला झेंडा खाली करायचा, शेवटी वर करायचा. "झेंडा झ्याक धरता बरं का तुमी," असं लोक म्हणायचे. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं.

आणि एका रविवारी मोटारींच्या जागी मोटरसायकली आल्या. मातीचं गोल मैदान, धुरळा, गाड्या आडव्या होऊन चाललेल्या. मास्तरांचा चेहरा उजळला. "ही खरी शर्यत," ते म्हणाले. "ही अजून बिघडलेली नाही." फौजीसुद्धा पुढं सरकून बसला. मी मात्र पाय बघत होतो. ते सगळे डावीकडं वळत होते. प्रत्येकाचा डावा पाय मातीवर, त्याला खाली लोखंडी तळ. उजवा पाय आपला ब्रेकवर स्वस्थ. कुणीसुद्धा उजवा पाय हलवत नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. कप लवंडला, चहा फौजीच्या सतरंजीवर.

"डावा!" मी म्हणालो. "मास्तर, सगळी वळनं डावी हाईत! आपन बी तशीच पळवू!"

मास्तरांना कळायला वेळ लागला. फौजीला लगेच कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याची जुनी साडेतीनशे सीसीची धडधडी. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. उजवी वळणं त्याला सोयीची, म्हणून तर बहुतेक वर्षी तोच जिंकायचा. डावा पाय मातीवर काढला तर ब्रेक कशानं लावणार?

"ते अमेरिकेत," तो म्हणाला. "हितं महादेव हाय. देवाला डावी फेरी घालतो व्हय रं?"

त्यावर आमचं असं काही जुंपलं, की वहिनींनी टीव्हीच बंद केला. तरी संध्याकाळी फौजी माझ्या घरी आला आणि आपला लष्करातला जुना डावा बूट माझ्यापुढं टाकून म्हणाला, "लोखंड ह्यालाच ठोकून घे. तुझी चप्पल टिकायची न्हाई. बूट देतो, कमिटीत मत देनार न्हाई."

वेल्डिंगवाल्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचा तुकडा ठोकून बुटाला तळ करून दिला. उजव्या पायाचं फुटरेस्ट आणि ब्रेक पुढं सरकवले, म्हणजे ताठ पाय तिथं पोचेल. पौष-माघात मी कालव्याकडच्या पडीक रानात डावीकडं वळायला शिकलो. इतकी वर्षं अंग उजवीकडं झुकायचं, ते ऐकेना. पडायचो, उठायचो, परत बसायचो. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. पण शर्टाची डावी बाजू रोज मातीनं माखलेली, आणि धुणं तीच धुणार. एक दिवस जेवताना तिनं विचारलं आणि मी सांगून टाकलं.  भाकरी तव्यावर करपेपर्यंत बसून राहिली.

मग म्हणाली, "दवाखान्यात डॉक्टर पाय कापायचा म्हनत हुता तवा तुमी बेसुद. सही मी केली न्हाई. वाट बघू म्हनलं. त्या रातीला काय झालं माझं, ते मलाच ठावं. त्यो पाय काय ह्यासाठी राखला?"

 गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "कमिटी कुठं हो म्हनतीया? देवाला उलटी फेरी व्हती म्हनून आडवं लावत्याल."

ती उसळलीच. "उलटी! आन आजवरची सुलटी तरी कुठं बरूबर हुती? महादेवाची पन्हाळ वलांडायची नसती, हे शेंबड्या पोराला कळतंय. आमी बाया सोमवारी पन्हाळीपशी जातो, माघारी फिरतो, दुसऱ्या अंगानं परत पन्हाळीपशी येतो. आन तुमी गडी? तीर्थाच्या चारीवरनं दर फेरीला उड्या मारीत गेलात, वर हात सोडून मिरवत! भोळा देव म्हनून निभावलं तुमचं."

माझा घास हातातच राहिला. देवळातलं अभिषेकाचं पाणी पन्हाळीतून बाहेर पडतं आणि उघड्या चारीनं मैदान ओलांडून ओढ्याला जातं. ती चारी म्हणजे आमच्या शर्यतीची शान. तिच्यावरून गाडी उडाली की लोक टोप्या उडवायचे. इतकी वर्षं आम्ही उजवी प्रदक्षिणा म्हणून छाती फुगवली, आणि ज्या देवाला पूर्ण प्रदक्षिणा घालतच नाहीत, त्यालाच पूर्ण फेऱ्या मारल्या. एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं.

"ह्ये कमिटीत बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"बोलनार."

"मंग माज्याशी बोलू नका." आणि ती खरंच बोलेनाशी झाली. भाकरी वेळेवर मिळायची, पण ताट आदळून.

यात्रेआधी देवळाच्या ओट्यावर कमिटीची बैठक झाली. मास्तरांनी अमेरिकेपासून सुरुवात केली, तेव्हाच मला वाटलं, आता बुडालो. कमिटीचे म्हातारे अध्यक्ष ऐकून घेऊन म्हणाले, "आमेरिकेत महादेव हाय का? न्हाई ना? मंग बसा खाली." लोक हसले. मी उभा राहिलो आणि पन्हाळीचं बोललो. हे माझं नाही, माझ्या घरातून निघालेलं आहे, हेही सांगितलं.  सगळ्यांची नजर चारीकडं गेली.

अध्यक्षांनी गुरवाला बोलावलं. तो म्हणाला, "वयनी बरूबर बोलत्यात."

"मंग तू इतकी वर्सं गप का?"

"मला नारळ फोडाया बोलवीत हुता. इचारलं हुतं का कुनी?" गुरव म्हणाला. मग जरा नरमून पुढं बोलला, "चारी झाकली तर दोष न्हाई. गवत टाका, फळ्या टाका. झाकलेली पन्हाळ वलांडली तर चालतंय. आन आधी येक फेरी सावकाश, बायाबापड्या घालत्यात तशी घाला. म्होरं कुनीकडनं पळवायचं ते तुमी बघा."

अध्यक्ष फौजीकडं वळले. "तू काय म्हनतोस? तुझंच नुकसान हाय."

फौजीनं माझ्या पायातल्या बुटाकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, हा आता नाही म्हणाला तरी दोस्ती तोडायची नाही. 

"मत देनार न्हाई म्हनलो हुतो," तो म्हणाला. "पन बूट दिऊन बसलोय. आता परत कसा मागू?"

चारीवर फळ्या पडल्या, वर उसाचं पाचट, त्यावर माती. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झेंडा मास्तरांच्या धाकट्या भावाच्या हातात होता आणि मी गाडीवर होतो. आधी सगळ्यांनी बायकांसारखी सावकाश अर्धी अर्धी फेरी घातली. मग झेंडा खाली आला.

पहिल्याच डाव्या वळणाला जन्मभर उजवीकडं वळलेली मंडळी पत्त्यांसारखी पसरली. मास्तर पडले नाहीत, कारण ते पडण्याइतक्या जोरात नव्हतेच. फौजीचा पाय सवयीनं ब्रेक शोधत राहिला आणि गाडी त्याला घेऊन सरळ हरभऱ्याच्या रानात गेली. तिथून त्यानं मला ज्या शिव्या हासडल्या, त्या मैदानभर ऐकू आल्या. माझा बूट मातीवर घासत होता, खड्यांवर ठिणग्या उडत होत्या, आणि माझा उजवा पाय, तोच ताठ उजवा पाय, ब्रेकवर आपलं काम करत होता. मी रडत होतो. धुरळ्यात ते कुणाला दिसलं नाही.

मी जिंकलो नाही. श्रीरामपूरकडचा एक तरुण दूधवाला पुढं गेला, आणि शेवटच्या वळणाला आणखी एकानं गाठलं. तिसरा आलो. लोकांनी गाडीभोवती गराडा घातला. मास्तर कुणाला तरी सांगत होते की आता अमेरिकेलाही आपल्याकडून शिकण्यासारखं आहे. फौजी अंगाला हरभऱ्याचा पाला चिकटलेला घेऊन आला, माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाला, "पुढल्या वर्षी ब्रेक हिकडं बशिवतो. मंग बघ."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. बायको आली होती. ती शर्यत बघायला आली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. डोक्यावर पदर, हातात प्रसादाची पिशवी. तिनं आधी माझा उजवा गुडघा चाचपला, सगळ्यांदेखत. मग कपाळावरची माती पदरानं पुसली. मी उतरायला गेलो, तर तिनं हँडल धरलं.

"उतरू नका," ती म्हणाली. "म्हशी वरडत असत्याल. घरला चला."

अपघातानंतर ती माझ्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. माहेरी जायचं असलं तरी एसटीनं जायची. ती मागं बसली, एका बाजूला पाय सोडून, आणि माझा खांदा घट्ट धरला. पाय टेकवायला तिनं खाली चाचपडलं, पण बायकांसाठीचं पायदान मी वजन कमी करायला कापून टाकलं होतं. मी गिअर टाकला. मैदान मागं पडून गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती पाय अधांतरीच धरून होती.

मग माझ्या कानाशी म्हणाली, "उद्या पायदान लावून घ्या."