दादाराव बौद्धाचार्यांचे नवे दात

पांढुर्ण्यात नळाला पाणी सोडतात ते दादाराव, आणि बौद्ध समाजात लग्न लावतात तेही दादाराव. सकाळी नगरपालिकेच्या पाण्याचे वॉल फिरवायचे अन् दुपारी पांढरा शर्ट चढवून मांडवात उभं राहायचं, असा तीस वर्षांचा रतीब. आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तर कोणाला पत्ता लागू नये. बौद्धाचार्य एक ओळ म्हणतो आणि अख्खा मांडव तीच ओळ त्याच्यामागून म्हणतो. दादाराव गमतीनं म्हणायचे, "आपुन खोकललो तर पोट्टेबी खोकलतात बावा, इतकं ध्यान ठेवतात लोकं."

माणूस लाखातला, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा! पंचशीलातलं पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहायचं. ते लोकांकडून वदवून घ्यायचं आणि लगेच मांडवामागे जाऊन पुडी उघडायची, हा कुठला न्याय? त्यांची बायको शोभाताई सुनवायची, "चार शीलं तुमची, अन् पाचवं आमचं का जी?" दादाराव हसायचे आणि तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सरकवायचे.

खर्ऱ्यानं समोरचे दात रंगले, सुपारीनं एकाचा टवका उडवला. तरी त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं ते लेकीचं, पूजाचं लग्न बोरगावच्या अंकुशशी ठरलं तेव्हा. एका लग्नाचा व्हिडिओ पूजाच्या मोबाइलवर आला होता. त्यात कॅमेरावाल्यानं दादारावांच्या तोंडावरच मुक्काम ठोकला होता. दादाराव बघतच राहिले. जळलेलं कणीस दिसावं तसे दात!

"पूजा, तुयं लग्न राहुल लावून देईन," ते हळूच म्हणाले. राहुल गावातला नवा बौद्धाचार्य, चांगला शिकलेला पोरगा.

पूजा भडकली. "बाबा, दुनियेचे लग्न तुमी लावले अन् माह्यं राहुल लावीन? लहानपणापासून मी साऱ्या मैत्रिणीइले सांगून राहिली, माह्यं लग्न माहे बाबा लावतीन म्हणून!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसे दादाराव विरघळले. दुसऱ्याच दिवशी बापलेक सौंसरला, दातांच्या डॉक्टर प्रणालीच्या दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई तिशीतली, पण बोलायला एकदम रोखठोक. "काका, आधी खर्रा बंद. मग सफाई करू, वरचे डाग जातील. पांढरे करायचं औषधही असतं, पण इतका मुरलेला रंग त्यानं नाही निघत. समोरच्या तीन दातांवर नखाएवढं पातळ आवरण चिकटवू, तुटक्यावर कॅप बसवू."

"अन् वाकडा आहे तो?"

"तारा लावून सरळ होतो, पण दीड वर्ष लागतं. पोरीचं लग्न थांबवता का?"

मग तिनं दातांच्या रंगांचे नमुने समोर धरले. दादारावांनी झटकन सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरीण हसली. "हा लावला तर मांडवात तुमचे दात आधी पोचतील अन् तुम्ही मागून याल." शेवटी त्यांच्या बाकीच्या दातांना शोभेल असा जरा पिवळसर रंग ठरला. दादाराव थोडे हिरमुसले, पण मानलं.

आता खर्रा सोडणं म्हणजे काय तोंडाचा खेळ आहे? आज सोडतो, उद्या सोडतो करता करता दोन महिने गेले. या काळात घरात कोणी धड बोललं असेल तर शपथ! चहा गोड झाला म्हणून भांडण, फिका झाला म्हणून भांडण. पण गड्यानं शेवटी खर्रा सोडला. तोवर लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. दात बसले तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "आठवडाभर घरी मोठ्यानं पेपर वाचा. जिभेला नव्या दातांची सवय होऊ द्या, मग माईक धरा."

ऐकतील तर दादाराव कसले? तिसऱ्याच दिवशी तिगावचं लग्न घेतलेलं होतं. गेले. ऐटीत उभे राहिले, वंदनेचं "नमो तस्स" म्हटलं, आणि प्रत्येक 'स'बरोबर दातांतून सुईऽऽ करून बारीक शिट्टी! मांडवानं इमानेइतबारे ओळ म्हटली, शिट्टीसकट. पोरांचं सोडा, पहिल्या रांगेतल्या बोळक्या तोंडाच्या दादाजींनीही कुठून कशी ती शिट्टी काढली. बिचाऱ्यांना वाटलं, आता असंच म्हणत असतील.

दादाराव घरी आले ते थेट खाटेवर आडवे. "राहुलले सांगून द्या. लेकीच्या लग्नात शिट्ट्या नाई वाजवत मी."

शोभाताईचा पारा चढला. "दोन महिने माह्या जिवाचं पाणी केलं, ते राहुलसाठी का? उठा!"

डॉक्टरीणबाईनं दात तपासले, मागच्या बाजूनं किंचित जाड होते ते घासून दिले आणि पेपरची आठवण करून दिली. मग काय, दादाराव वॉलपाशी उभे राहून पहाटे वंदना म्हणू लागले. म्हणण्याच्या नादात वॉल बंद करायचं ध्यान राहीना. बायांनी घरातली झाडून सगळी भांडी भरून घेतली आणि पूजाचं लग्न आठ दिवस पुढे ढकला म्हणून निरोप धाडला.

लग्नाच्या दिवशी शिट्टी गेली होती. अगदी खणखणीत वंदना झाली, पंचशील झालं, आणि पाचव्या शीलाला शोभाताईकडे बघून दादाराव चांगले दात दाखवून हसले. मग नवरानवरीच्या प्रतिज्ञा आल्या. दादारावांनी कागद उघडला, समोर पांढऱ्या साडीतली पूजा पाहिली. दात जागेवर, जीभ जागेवर, पण आवाज काही केल्या फुटेना. तीस वर्षांत पहिल्यांदा मांडव ओळीची वाट पाहत थांबला.

राहुल पुढे व्हायला निघाला. पूजानं हातानंच त्याला थांबवलं. बापाची एकेक ओळ तिला लहानपणापासून पाठ होती. तिनं माईक आपल्याकडे वळवला आणि पहिली ओळ स्वतःच म्हटली, तशीच खणखणीत. मग तिनं बापाकडे बघितलं.

दादारावांनी डोळे पुसले, आणि सगळ्या मांडवाबरोबर ती ओळ लेकीच्या मागून म्हटली.